बरोबर दोनशे चाळीस

४ सप्टेंबर १९६७, अकोला

परत आलं! पहिलंच गणित, एक ते दहाची बेरीज, आणि मशीनने उत्तर दिलं पंचेचाळीस. लहान पोरगंही पंचावन्न सांगेल. खाली लाल शाईत मुंबईच्या साहेबांचा शेरा — 'मशीन चुकत नाही. तुम्ही दहाच्या आधीच थांबायला सांगितलंत.'

असा राग आला की चौकटीचा कागद टराटरा फाडला. मग डोळे पुसत दुसरा आखला. करते काय! मिलच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागून सहा महिने झाले, तेही टेंपररी. मॅनेजर ओमप्रकाशजींनी मलाच धरलं — 'तुम साइन्स पढी हो, शकुन. दस सवाल सीख लो, परमनंट कर देंगे.' मशीन मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ते मुंबईला, मी इथे. फोरट्रान नावाच्या त्याच्या भाषेत चौकटीचौकटीत एकेक अक्षर लिहायचं, पाकीट टपालात टाकायचं. तिकडे त्याची भोकं पाडलेली कार्डं करतात म्हणे. आठ-दहा दिवसांनी उत्तर येतं.

२० सप्टेंबर

तीन आकड्यांतला मोठा शोधा. सोपं वाटलं होतं! मशीनला वजाबाकी करायला लावायची, मग तीन वाटा दाखवायच्या — वजा आलं तर इकडे जा, शून्य आलं तर तिकडे, अधिक आलं तर पलीकडे. शून्याची वाट मी कुठेतरी जोडून दिली. लगेच लाल शाई — 'दोन आकडे सारखे असले तर?' असले तर असले! कोण देतो सारखे आकडे?

बाबांना सांगितलं तर खो खो हसले. "एवढी मोठी मशीन, आन् तिले बरोबरीचे दोघं दिसत नाई?"

'तिला सांगावं लागतं बाबा,' म्हटलं. 'नीट सांगितलं की ती चुकत नाही. कधीच नाही.' किती तोऱ्यात म्हटलं मी!

१५ ऑक्टोबर

यंदा दसऱ्याला बाबा नागपूरला गेले नाहीत. छप्पनपासून एक दसरा चुकवला नव्हता. आमच्याच मिलमध्ये ते बदली कामगार. सकाळी भोंग्याआधी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असलं तर त्याच्या जागी आत. ज्या दिवशी आत गेले त्या दिवशी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ. वर्षात दोनशे चाळीस भरल्या की माणसाला असं सहज काढता येत नाही. दसऱ्यालाच नेमकी पाळी लागली. "बाबासाहेब समजून घेतीन," एवढंच बोलले आणि रेघ ओढली. रात्री जेवले नाहीत.

१८ नोव्हेंबर

सातवं गणित अजबच. आतापर्यंत नुसते आकडे होते. यात दहा कामगार, त्यांचे नंबर, त्यांचे भरलेले दिवस. दोनशे चाळीसपेक्षा कमी असतील त्यांचे नंबर छापा. सरावाला दुसरं काही सापडलं नाही का यांना? ओमप्रकाशजी दर तासाला येऊन 'हुआ?' विचारून राहिले. आजवर कधी विचारलं नव्हतं. टपालाची वेळ होत आली, घाईघाईत लिहून दिलं.

३० नोव्हेंबर

'उत्तर बरोबर. शाबास.' लाल शाई पहिल्यांदाच गोड लागली! पण नुसता शेराच आला. माझे कागद ठेवून घेतले. बाकीच्या गणितांचे परत येतात.

३० डिसेंबर

वर्षाचा शेवटचा कामाचा दिवस. बाबा तापाने फणफणलेले, तरी गेले. संध्याकाळी अन्सारचाचांनी धरून घरी आणलं. रेघ मात्र स्वतः उठून ओढली. दोनशे चाळीस! मला दोनदा मोजायला लावल्या.

अन्सारचाचाही बदलीवालेच. त्यांचे दिवाळी झाल्यावर भरले. तेव्हापासून गेटवर बाबांना पुढे करून मागे सरकले — "जा डोमाजी, मेरे तो हो गए" — आणि कापसाच्या जिनिंगवर रोजाने जाऊ लागले. सगळ्या बदलीवाल्यांची ही रीतच आहे. आपले भरले की पुढचा एकही दिवस घ्यायचा नाही, पाळी मागच्याला सोडायची. तापातही बाबा हसत होते. "आमच्यात जास्तीवाला कोणीच नाई, माय. सारे बरोबर!"

६ जानेवारी १९६८

हजेरीची सगळी पुस्तकं लोखंडी पेटीत भरून स्टेशनवर गेली. मुंबईचा पत्ता मीच टाइप केला. कशासाठी, विचारलं. 'तुम्हारे काम की चीज नहीं.'

१३ जानेवारी

आठव्या गणितासाठी सातव्याचा कच्चा कागद काढला. शून्याची वाट! कमीवाल्यांच्या वाटेलाच जोडली आहे मी. बरोबर दोनशे चाळीस भरलेला माणूस कमीत जातो. त्यांच्या दहांत तसा एकही नव्हता, म्हणून 'शाबास'.

सराव म्हणे! पेटी गेली ती यासाठीच — माझ्याच कागदावर सगळ्या मिलचे कमीवाले काढायला.

तशीच उठून ओमप्रकाशजींकडे गेले, चूक सांगितली. ते म्हणाले — 'बराबर दो सौ चालीसवाले कितने होंगे? एक? दो?' सारेच, म्हणायला हवं होतं. तोच त्यांनी खणातून माझी परमनंटची ऑर्डर काढून टेबलावर ठेवली. फक्त सही बाकी. 'गलती की चिट्ठी भेजोगी तो इसको भी फाड़ना पड़ेगा.'

तरी घरी येऊन मुंबईला चिठ्ठी लिहिली. पर्समध्ये आहे.

१४ जानेवारी

आज रविवार. उद्या टाकते.

१६ जानेवारी

टाकली नाही. ऑर्डरवर सही झाली. आईने शेजारीपाजारी साखर वाटली. थू आहे माझ्यावर!

२४ जानेवारी

गेटवर यादी लागली. कामावरून कमी. एकशे बारा नंबर, मशीनने छापलेले, सुबक, सरळ ओळीत. अन्सारचाचांचा आहे. बाबांचा आहे.

२५ जानेवारी

बाबा सकाळपासून भिंतीसमोर बसून रेघा मोजून राहिले. पाच वेळा मोजल्या. पाचही वेळा दोनशे चाळीस. मी चिठ्ठी घेऊन दारात उभी. तोंड उघडणार तोच म्हणाले, "मशीन चुकत नाई म्हणे तू. मंग तापात मीच एखादी जास्तीची ओढली असन, माय." आणि शेवटची रेघ अंगठ्याने पुसून टाकली.