चमचाभर तीर्थ

मंगळवार, संध्याकाळ

टाकीतला एंजलफिश आजही खडकाआडून बाहेर आला नाही. काल मी आईवर केवढा ओरडलो, तेही पाहुण्यांसमोर. "समुद्राच्या माशाला रामघाटचं नदीचं पाणी घालतं का कोणी?" तिने चमचाभर तीर्थ घातलं होतं, मासा सुस्त दिसला म्हणून. म्हणजे तो आधीच सुस्त होता, हे मला तेव्हा का सुचलं नाही?

आज खारेपणाचं मीटर लावलं. मीठ भलतंच वाढलेलं. उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं. वरून साधं फिल्टरचं पाणी घालायचं, तर मी दर वेळी मिठाचंच घालत होतो.

तेवढ्यात आई दिवा लावून आली. खडकाकडे बघून तिने हात जोडले. "माफ कर रे बाबा, माझ्याच हातून गडबड झाली."

मी मीटर खिशात घातलं.