यांच्या कीबोर्डची व्यवस्था

मी, या घराची मालकीण, धंद्याने कपडे शिवणारी आणि त्याहून जास्त उसवणारी, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणीही डोक्यावर बसलेले नसताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. परवा सकाळी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. काळजीचं कारण नाही असं डॉक्टर म्हणाले, पण माझ्याकडे न बघता म्हणाले. याआधीचे कोणतेही मृत्युपत्र रद्द समजावे. तसं मी कधी केलेलंच नाही, तरी वकीलबाईंनी हे वाक्य घालायला बजावलं आहे. पुढे खाडाखोड दिसेल. ती माझीच आहे आणि प्रत्येक ठिकाणी मी छोटी सही केली आहे.

कलम पहिले. माझ्या पश्चात घर माझ्या पतींचे, त्यांच्यानंतर मुलीचे. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. फक्त स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी घेणाऱ्याला आधी दाखवावी, नाहीतर पहिल्याच दिवशी बोटं चेंगरतील.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक यांच्या औषधपाण्यासाठी. यावर कोणी चर्चा करू नये.

कलम तिसरे. शिवणयंत्र, इस्त्री व मोठी कात्री मुलीला. तिला शिवता येत नाही, हे मला माहीत आहे. त्या कात्रीने कागद कापला तर मी जिथे असेन तिथून बघून घेईन. चौकातल्या टेलरला यातली टाचणीही देऊ नये. माझी गिऱ्हाइकं पळवताना "बाईंना आता दिसत नाही" असं तो सांगत सुटला होता. मी अजून पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवते, याची इथे नोंद असावी.

गॅस बंद आहे ना, ते बघून आले. बंदच होता.

कलम चौथे. यांचा कीबोर्ड. हे कलम सगळ्यात आधी यायला हवं होतं, पण हात तिकडे जायला घाबरत होता.

यांना पक्षाघात झाल्यापासून तोंडातून शब्द उमटत नाहीत. डोकं शाबूत आहे, भांडायची हौस शाबूत आहे. हे टाइप करतात आणि कॉम्प्युटर ते मोठ्याने वाचून दाखवतो. भूगोलाचे मास्तर, जन्मभर बोलून पोट भरलेला माणूस. तो कीबोर्ड म्हणजे यांची जीभ आहे.

त्यात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. नखाएवढा ठोकळा, आत स्प्रिंग, खाली धातूचे दोन बारीक पाय. हे स्विच सोल्डर करून कायमचे चिकटवलेले नाहीत, सॉकेटात नुसते बसवलेले आहेत. एक उपटून काढायचा, दुसरा बसवायचा. दुकानात याला हॉट-स्वॅप म्हणतात. स्विच हलके मिळतात, जड मिळतात, काही मुकाट्याने दबतात, काही टक् वाजतात. यांचा उजवा हात दुबळा, म्हणून उजवीकडे हलके. डावा हात थरथरतो आणि बटणांवर टेकून राहतो, म्हणून डावीकडे जड, नाहीतर नुसत्या टेकण्याने अक्षरं उमटतात. उजव्या करंगळीला स्पर्श कळत नाही, तिच्या वाट्याला टक् वाजणारे, म्हणजे निदान कानाला तरी कळतं. कपडा अंगावर चढवून टाचण्या लावाव्यात, तसं एकेक बटण मी यांच्या हाताला बसवत गेले.

कलम पाचवे. माझ्या पश्चात या कीबोर्डची देखभाल कोण करील.

धाकटे भावोजी करणार नाहीत. यांच्या वाढदिवसाला ते भारीतले, फुंकर मारली तरी दबतील असे स्विच घेऊन आले आणि मी बाहेर गेले असताना सगळे जुने काढून एकजात तेच बसवले. "वहिनी, आता दादाला जोरच लावायला नको!" पाहुणे जमले, यांनी डावा हात ठेवला मात्र, कॉम्प्युटर "ददद ससस" करत सुटला. कोणीतरी हसलं. यांनी वायर उपटली आणि कित्येक दिवस एक अक्षर लिहिलं नाही. मी जुने स्विच परत बसवले तरी नाही. घर इतकं गप्प झालं की मला माझ्याच मशीनच्या आवाजाचा राग यायचा. भावोजींनी प्रेमापोटी केलं, म्हणून तर तेव्हा चार शब्द सुनावता आले नाहीत. ते आज सुनावून मोकळी झाले. माझी स्कूटर त्यांना द्यावी. कीबोर्डला हात लावू देऊ नये.

मुलगी सुट्टीला येते आणि सुट्टी संपली की जाते. कोपऱ्यावरचा कॉम्प्युटरवाला म्हणतो, "काकू, नवीन घेऊन टाका ना." मग कोण? इथे एक नाव लिहायचं आहे आणि सकाळपासून ही जागा कोरी आहे. पाणी प्यायले, येरझाऱ्या घातल्या, नाव सुचलं नाही.

कलम पाचवे, पुन्हा. माणूस नाही तर निदान रीत लिहिते. चालू असताना स्विच बदलता येतात म्हणतात, तरी वायर काढावी. आधी बटणाची टोपी काढावी. मग स्विचच्या वरच्या व खालच्या कडेला चिमटा लावून सरळ वर ओढावा, तिरका नाही. नव्याचे दोन्ही पाय ताठ आहेत का ते उजेडात बघावे. आत जात नसेल तर जोर करू नये. पाय दुमडला तर सरळ करता येतो, सॉकेट उखडलं तर दुकानांचे उंबरठे झिजवावे लागतात.

इथवर आले आणि मागून कॉम्प्युटर बोलला, "काय लिहितेस ते वाच."

वाचून दाखवलं. यांनी बराच वेळ टाइप केलं.

"घर मला दिलंस, पैसे दिलेस. कीबोर्डसाठी मात्र माणूस शोधतेस. मी काय कुंडी आहे, कोणीतरी पाणी घालायला?"

"अहो, पण तुमचे हात..."

"मला विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? थरथरत्या हाताने ते पाय वाकडे होतील."

"होऊ देत," म्हणाले आणि वायर काढली.

वायर काढली म्हणजे यांचं बोलणंच बंद. आता खुणांवर काम. उजवा हात यांनी कीबोर्डवर वजनासारखा टाकला, तो हलू नये म्हणून. डाव्याने चिमटा धरला. डावीकडच्या कान्याच्या बटणाची टोपी उडून कपाटाखाली गेली, ती मी काढून दिली. स्विच निघाला. स्विचच्या डब्यातून यांनी दुसरा निवडला, मी हातात देत होते तो नाही. बसवला, पाय दुमडला. मी पुढे झाले तर डोळे वटारले. पुन्हा काढला, टेबलाच्या कडेवर दाबून पाय सरळ केला, पुन्हा दुमडला. मला बघवेना आणि खोलीबाहेरही जाववेना. शेवटी बसला. वायर यांनीच जोडली.

"हा काना मला पहिल्यापासून जड होता. तू इतकं जीव लावून बसवला होतास, म्हणून बोललो नाही."

खोटं कशाला लिहू, मला लागलं. यांच्या हाताचं माप माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही, अशा तोऱ्यात मी होते. मग रडू आलं, पण त्यात बरं वाटल्याचंच जास्त होतं.

कलम पाचवे, अखेरचे. वरील दोन्ही पाचवी कलमे रद्द, भावोजींची स्कूटर तेवढी कायम. कीबोर्ड, स्विचचा डबा व चिमटे माझ्या मालमत्तेत धरू नयेत. ते यांचे आहेत, आणि जे माझे नाही ते मी कोणाच्या हवाली करू शकत नाही. यांना विचारल्याशिवाय कोणीही त्याला हात लावू नये. यात मीही आले.

यांना साक्षीदार म्हणून सही करायची होती. ज्याला मिळकत मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असं सांगितल्यावर हुज्जत घातली. मग म्हणाले, निदान माझं म्हणणं लिहून घे. जसं बोलले तसं लिहिते: "वाचलं, मान्य आहे. अमलात आणायची मला अजिबात घाई नाही. तू परत ये, भांडायला मला दुसरं कोणी नाही."

वरील मजकूर मी लिहिला, मी वाचला, व दोघा साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार १: वरच्या मजल्यावरच्या सिस्टर (सही)
साक्षीदार २: कोपऱ्यावरचा कॉम्प्युटरवाला (सही)

ठिकाण: राहते घर, शिवणयंत्राची खोली
दिनांक: दवाखान्यात भरती होण्याचा आदला दिवस