डाव्या हाताचा रंधा

तर दादा, बाबांची अवजारांची पेटी भंगार नाही आणि ती किलोवर द्यायची नाही. फोनवर तू ऐकलं नाहीस, म्हणून आता कागदावर.

मी, बाबांचा धाकटा मुलगा, वय चोवीस, चौथी पास, जुन्या अवजारांच्या दुकानात पारखी, डोकं ठिकाणावर ठेवून, कुणी भरीला न घालता हे मृत्युपत्र करतो. मला काही झालेलं नाही, आईला घाबरवू नये. मालक म्हणाले, ज्याच्यापाशी काही आहे त्यानं लिहून ठेवावं. माझ्यापाशी आहे.

एक. घरातला माझा हिस्सा, म्हणजे मागची खोली, गळक्या छपरासकट दादाला.

दोन. खात्यातली शिल्लक आईला. तिनं ती स्वतःवर खर्चावी, आमच्या भांडणांवर नाही.

तीन. कामाला लागलो त्याच आठवड्यात मी एक जुनी पटाशी घासून आरशासारखी केली. शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. मालक म्हणाले, "शंभर वर्षांत साठलेलं तू सकाळभरात धुतलंस." गंजाबरोबर कारागिराचा ठसाही गेला, किंमत चौथाईवर आली. ती पटाशी मी पगारातून घेतली. तीही दादाला, कारण बाबांच्या हातोडीला त्यानं हिरवा रंग फासलाय. अक्कल दोघांची सारखीच.

चार. भिंग मालकांना परत. अवजारांचे भाव लिहायची वही दुकानातच राहावी. तीत माझ्या अक्षरात चारशे बारा अवजारं आहेत. दादा म्हणायचा, ह्याला चहाचे सुटे मोजता येत नाहीत. आता शिकलीसवरलेली गिऱ्हाइकं माझ्या तोंडाकडे बघत उभी असतात.

पाच. बाबांची पेटी. फोटो मला कुणी पाठवले ते वहिनीला विचारू नये. परक्याची समजून मी ती पारखली. करवत भंगारच, खोटं लिहिणार नाही. गिरमिटं बरी. रंध्याचं पातं मात्र अस्सल, आणि मुठीवर झिजून पडलेला खळगा डाव्या अंगठ्याचा. बाबांना सगळे उलटा सुतार म्हणून हसायचे. उजव्या हाताला बसत नाही म्हणून बाजारात असा रंधा कमी भावानं जातो. मी कमी केला नाही. एवढी एकच लबाडी. मालकांनी ती पाहिली आणि तरी सही केली.

आजपासून पेटी माझी. ती घरातच राहील, पण धुवायची नाही, रंगवायची नाही. माझ्यामागे ती दादाच्या मुलीला. पोरगी डाव्या हातानं लिहिते, तिच्या हातावर मारू नये.

साक्षीदार: दुकानाचे मालक, सही. शेजारचा धारवाला, अंगठा. कापलेला असल्यानं अर्धाच उमटला.

ठिकाण: दुकानाची मागची खोली. तारीख: आठ, पगाराचा दुसरा दिवस.

लिहून देणार: धाकटा, सही.

सोबत: भंगारवाला दोन हजार सहाशे देत होता. छपराचं काम त्यात भागलं नसतं. ही मदत नाही दादा, पेटीचा भाव आहे, मी काढलेला. आजच पाठवतोय: चौदा हजार तीनशे.