खुर्चीवर बसलेला आजा

जुने शहर, अकोला
ता. ६ जानेवारी १९६३

चि. देवमन यास,
तुह्या मोठ्या बहिणीचा, बाईचा, जयभीम आन लय लय आशीर्वाद.

तुह्यं कार्ड भेटलं. इथी सारे बरे आहोत. तुह्ये भाऊजी रेल्वेच्या गँगमंधी, तेच ऊन आन तेच रूळ. मी जिनात जाते. यंदा कापूस लय आला. दिवसभर रुई उडते, घरी येईलोक माह्यं डोकं पांढरं झालेलं राह्यते आन गल्लीतल्या बाया हासतात. शकुन आठवीत गेली. आता मलेच शिकवते, "आई, असं नाही म्हणत." हे पत्र बी शुद्ध लिही म्हणे. मी म्हटलं, ज्यानं मले अक्षर शिकवलं त्याले माही बोली समजते. सारवलेल्या भुईवर कोळशानं 'च' काढून देल्ला होता तू, तिसरीत असतानी. मी लग्न झालेली बाई, आन मास्तर एवढासा! 'च' उलटा काढला तर माह्या हातावर टपली मारे. विसरली नाई मी.

तुले कॉलेजात खुशालराव मास्तरांच्या संग्रहात कारकुनी लागली, हे ऐकून जीव थंड झाला. जुन्या वस्तू, जुने फोटो, आन त्याच्याखाली चिठ्ठ्या लिहायचं काम. बसून करायचं काम आहे, सावलीतलं. आपल्या घरात सावलीतलं काम कोणाले भेटलं होतं?

आन तो आपल्या गावच्या पाटलाचा फोटो! तू लिहिलं का कागदावर नाई, काळ्या पत्र्यावर काढलेला, पाटील उभा आन बाजूले रिकामी खुर्ची, खुर्चीचा एक पाय तारेनं बांधलेला, आन मास्तर म्हणतात पाटील उभा कावून राह्यला ते समजत नाई. मी एकटीच हासली. देवमन, आजी सांगे ते आठवते का? तू लहान होता, म्हणून पुन्हा लिहिते. मास्तरले वाचून दाखव.

आपला आजा डोमाजी त्या फोटोवाल्या साहेबाच्या पेट्या डोक्यावर घेऊन अकोल्याच्या स्टेशनापासून गावापावतर गेला. साहेबानं तंबू ठोकला. पाटील येईपर्यंत उजेड कसा पडते ते पाहासाठी त्यानं आज्यालेच खुर्चीत बसवलं. मानेमागून लोखंडाचा चिमटा लावला, हालू नोको म्हणला. आजा म्हणे, मी श्वास बी चोरून घेतला. तेवढ्यात पाटील आला. पाह्यलं. खुर्ची धुवाले लावली. धुतली, पुसली, उन्हात वाळवली, तरी बसला नाई. साहेब म्हणे बसा, पाटील म्हणे उभाच काढ. आन साहेबानं आज्याचा काढलेला पत्रा आज्याच्याच हातात देऊन टाकला. आजी हे सांगतानी दरवेळी शेवटी म्हणे, "पाटील उभा आन माहा नवरा बसला."

मास्तर म्हणतीन, गोष्ट चांगली आहे पण पुरावा पाहिजे. त्याचं बरोबर आहे. आपली नुसती गोष्ट कोण लिहून ठेवते?

तू विचारतं, आज्याचा पत्रा कुठी गेला. आता मले काही आठवत नाई बापा. पेट्याबिट्या पाहाव्या लागतीन. थंडीनं गुडघे धरले आहेत. पाहीन.

तुह्यी बाई,
चतुरा


जुने शहर, अकोला
ता. २३ जानेवारी १९६३

चि. देवमन यास आशीर्वाद.

पत्रा सापडला.

कुठी सापडला, कसा सापडला, ते विचारू नोको. सापडला ना? झालं.

तुह्यं मोठं पत्र काल आलं. वाचलं. पाणी लावू नोको, ओल्या फडक्यानं पुसू नोको, चिंच, राख, साबण कशाचंच नाव घेऊ नोको, कोरड्या कापसात ठेव. मास्तरांनी सांगतलं म्हणतं, का असा फोटो थेट पत्र्यावरच उमटते, एकाचा एकच, त्याची दुसरी प्रत निघत नाई. वरचं पातळ कातडं गेलं का सारं गेलं. दोन खेपा वाचलं. शकुनकडून बी वाचून घेतलं, म्हटलं माह्यं वाचणं चुकत असन. तिनं बी तेच वाचलं. हे पत्र आठ दिवस आधी लिहिलं असतं तर तुह्यं काय जात होतं?

जाऊ दे. कापूस तर आमच्याइथी ढिगानं आहे, त्याची फिकर करू नोको.

या रविवारी येऊ नोको. शकुनची परीक्षा आहे. भाऊजीची ड्युटी बडनेऱ्याकडे आहे, घरी नसतीन. मले बी बरं वाटत नाई. आजा एवढी वर्षं थांबला, मास्तर दोन महिने थांबले तर काही बिघडत नाई.

राजापेठेतली खोली कोंदट आहे म्हणतं, तर खिडकी उघडी ठेवत जाय. जेवण टाइमावर करत जाय.

बाई


जुने शहर, अकोला
ता. ८ फेब्रुवारी १९६३

देवमन,

या रविवारी मास्तरले घेऊन येतोच म्हणून लिहिलं तू. त्याच्याआधी हे पत्र तुह्या हातात पडलं पाहिजे, म्हणून टपालात नाई टाकलं, तुह्ये भाऊजीच घेऊन येऊन राहिले. त्यायच्याजवळ बिस्किटाचा डबा आहे. डबा आधी उघडू नोको. आधी हे वाच, सारं वाच, मंग उघड.

पेटीत नाई सापडला तो पत्रा. तो कवा हरपलाच नव्हता. सहा वर्षांपासून माह्याजवळ आहे, ज्वारीच्या कणगीच्या मागं, जुन्या लुगड्याच्या धांदोटीत.

तू दीक्षा घेऊन नागपूरहून बाबाच्या घरी आला तो दिवस आठव. पांढरा सदरा, डोळे लाल, दोन दिवसांचा जागा. आल्या आल्या देव्हाऱ्यासमोर उभा राह्यला आन म्हणला, आता हे घरात राह्यचे नाई. मले बी पटलं होतं. ज्यायनं आपल्याले देवळाच्या पायरीवर येऊ नाई देल्लं, त्यायचे देव आपण घरात कावून पोसायचे? तू सारे देव टोपलीत भरले आन टोपली माह्या डोक्यावर देल्ली. मोर्णेत सोडाले निघालो आपण.

त्या टोपलीत आजा होता, देवमन.

तुले नाई दिसला. कसा दिसन? देवाचे टाक बी पत्र्याचे, आजा बी पत्र्याचा. आजीनं तो मेल्यावर त्याले त्यायच्यातच नेऊन बसवला होता. दर अमावसेले त्याच्या कपाळाले कुंकवाचं बोट लावे. पस्तीस-चाळीस वर्षांचं कुंकू, त्याचा असा खपला झाला होता का तोंड दिसतच नव्हतं. पण आजीनं त्याले कवा पाणी नाई लावलं. बाकीच्या देवाले आंघोळ, आज्याले नाई. "त्याले जंग लागन" म्हणे, आन कोरड्या कापसानं पुसे. तुह्या मास्तरांनी आता जे लिहून पाठवलं, ते आमच्या म्हातारीले कोणी न शिकवता मालूम होतं. मले नाई मालूम झालं.

घाटाच्या पायऱ्यांवर तू पुढं होता. मी टोपलीत हात घातला, पत्रा काढला आन लुगड्याच्या वट्यात लपवला. देव म्हणून नाई काढला, तुह्यी शप्पथ. खुर्चीचे पाय खाली दिसत होते कुंकवाच्या, म्हणून काढला. म्हटलं, हा तर आपला माणूस आहे, याले कावून बुडवायचं?

मंग त्याच घडीले का नाई सांगतलं, असं विचारशील. आता आयक. पाण्यात उभा राहून तू मोठ्यानं म्हणला, "ज्याच्या घरी आता देव दिसन, त्याच्या घरचं मी पाणी पिणार नाई." सारी वस्ती ऐकत होती. मले वाटलं पोट्टा जोशात बोलला. पण पार्बताबाई आत्यानं एक खंडोबा ठेवला होता फळीवर, तू तिच्याइथी जाणं सोडलं. तिनं तुले कडेवर वागवलं होतं. ती मेली तवा आला, खांदा देल्ला, आन तसाच उपाशी-तहानलेला गाडीत बसला. मी त्या दिवशी तुह्यं तोंड पाह्यलं. म्हटलं, हा माहीबी माया अशीच तोडून टाकन. माय मेल्यावर मी तुले वाढवलं रे. मले तुह्याशिवाय माहेर कुठी आहे?

म्हणून लपवला. आन लपवलेल्या वस्तूचं काय होते? तिचाच देव होते. दोन वर्षांखाली शकुनले मुदतीचा ताप आला. अठरावा दिवस होता, पोट्टी डोळा उघडेना. डाक्टर म्हणे आता वाट पाहा. वाट पाहाले बी काहीतरी हातात लागते ना देवमन? मी कणगीमागून आज्याले काढलं, कुंकू लावलं आन म्हटलं, आज्या, तू श्वास धरून बसला होता, माह्या पोरीचा श्वास धरून ठेव. झालं तुह्या मनासारखं? केली मी पूजा. बावीस प्रतिज्ञा मले तोंडपाठ आहेत, शकुनले बी मीच पाठ करून देल्ल्या. तरी केली. त्या दिवशी मी बौद्ध नव्हती, हिंदू बी नव्हती, नुसती माय होती.

आता खरं सांगते. तुह्यं पहिलं कार्ड आलं तवा मी धांदोटी सोडली. कुंकू लालभडक होतं. तू पाह्यशील, बोट ठेवशील, विचारशील हे ताजं कुठून आलं. म्हटलं, लखलखीत करून पाठवू, म्हणजे विचारायचं कामच नाई.

तुले पहिलं पत्र टाकल्यावर आठवड्यानं, टाक घासतो तसा घासला. आधी चिंच लावली, मंग राखड, मंग नारळाच्या शेंडीची किशी. दोन्ही हातानं. कुंकू जिथी जाड तिथी जोर जास्त. आन कुंकू कुठी जाड होतं? कपाळावर आन तोंडावर. लाल गेलं, त्याच्याखाली आजा दिसला. खरंच दिसला, देवमन. एक पळभर. मोठे कान, तुह्यासारखे. खालचा ओठ दाबून धरलेला. मी आनंदानं आणखी एक हात फिरवला, म्हटलं आता सारा निघते.

निघाला. काळं बी निघालं आन आजा बी. खालचं पांढरं लोखंड चमकाले लागलं. मी तिथीच नळावर बसली. शकुन शाळेतून आली तवा माह्या हातात तसाच पत्रा. तिनं पाह्यलं आन नळ बंद केला. नंतर आठ दिवसांनी तुह्यं ते पत्र आलं, पुसू नोको म्हणून.

आता त्या पत्र्यावर तोंड नाई. मानेपासून खाली सारं आहे. बंडी आहे, धोतर आहे, मांडीवर दोन्ही हात आहेत, बोटं ताणलेली. अनवाणी पाय आहेत. खुर्ची आहे, आन तिचा उजवीकडचा मागचा पाय तारेनं बांधलेला आहे. ते शकुननं पाह्यलं. म्हणे, "आई, मामानं लिहिली ती तार हीच." पाटलाचा फोटो बाजूले ठेवून मास्तरले मोजून पाह्यजो म्हणा. एकच खुर्ची आहे. तिच्यात एक माणूस बसला आहे, आन तो पाटील नाई.

मी लय रडली. आता रडणं झालं आन राग येऊन राहिला. माह्यावर येते, तुह्यावर बी येते. तू त्याले आख्खा बुडवाले निघाला होता, न पाहता. मी वाचवला आन त्याचं तोंड खाल्लं, न विचारता. पाटलानं निदान खुर्चीत कोण बसला ते पाह्यलं तरी; तेवढी बी अक्कल नाई ना दोघाले! आत्याचा खंडोबा फळीवरून कोणाले काय करत होता? एक घोट पाणी पिला असता तर तू काय पुन्हा महारवाड्यात गेला असता? आन मी तुले कावून भेली? मी आठ वर्षांनी मोठी. तुह्या दोन कानाखाली देऊन सांगाले पाहिजे होतं घाटावरच, का बापा, हा आजा आहे, बाजूले हो.

पण नाई सांगतलं. ते आता होत नाई.

मास्तरले सारं सांग. म्हणा, माह्या बहिणीनं घासला. गावंढळ बाई आहे म्हणून सोडून देऊ नोको, मी गावंढळ नाई, मी भेली होती. मास्तर म्हणतीन, खराब झाला, संग्रहात कशाले ठेवायचा. तर म्हणा, पाटलाच्या शेजारी ठेवा, आन तोंड नाई म्हणून मागं ठेवू नोका.

चिठ्ठी तूच लिहिणार. तुह्यं अक्षर सुंदर आहे. मी सांगते तशी लिही, शुद्ध करून लिही, पण एक बी शब्द सोडू नोको.

लिही: डोमाजी, पेट्या वाहणारा, जात महार, अकोला. पाटलाच्या आधी याच खुर्चीवर बसला. हा पत्रा त्याच्या बायकोने कोरड्या कापसाने पुसून जपला. चेहरा त्याच्या नातीने, चतुराबाई मोतीराम हिने, चिंच आणि राखेने घासला, १९६३ साली, भावाच्या भीतीने.

"भावाच्या भीतीने" हे खोडू नोको. तुह्या हातानं लिही.

आता डबा उघड.

तुले आजपावतर भेणारी,
तुह्यी मोठी बहीण
चतुरा