श्रीरंगची जागा

३ मार्च

तर दगाभाऊ, तू म्हणतोस ते खोटं आहे. मी पळून आलेलो नाही. सातवीत शाळा सोडली तेव्हा तू हेच म्हणालास, वीटभट्टी सोडली तेव्हाही हेच. चंदू म्हणजे भिंगरी, त्याचं बूड कुठं टिकत नाही. आता बघ. सुरतेत उतरलो आणि काम लागलं, तेही खुर्चीवरचं. तोंडावर बोललो तर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून व्यापाऱ्यानं वाटलेल्या या डायरीत लिहितो.

पांडेसऱ्यातली रंगाची मिल आहे. वाफेनं बाकीच्यांचे डोळे लाल, मी मात्र पंख्याखाली. गेटवर हजेरीचं मशीन आहे. समोर उभं राहिलं की ते चेहरा ओळखतं, फोटो काढतं आणि बाईच्या आवाजात नाव घेऊन धन्यवाद म्हणतं. ते फोटो केबिनमधल्या कॉम्प्युटरमध्ये साठतात. माझं काम एवढंच, की सकाळी काळ्या पडद्यावर डी, एफ, जरा जागा सोडून आडवी रेघ आणि एच दाबायचं. डिस्क किती भरली, किती मोकळी, ते आकडे खाली येतात. ते शेठला फोनवर सांगायचे. कॉम्प्युटरवाल्या राकेशनं शिकवलं. इंग्रजी येत नाही म्हटलं तर म्हणाला, इथं कुणाला येतं, टक्का वाचता येतो ना?

खोली डिंडोलीत, सहा जण. भाजी बरी असते. आईला सांग, शोभाबाईचं पोरगं उपाशी नाही.

५ मार्च

एक खटकलं. मशीन मला श्रीरंग म्हणतं.

डिस्क सत्त्याण्णव टक्के भरलेली, त्यामुळे ते नवा माणूस घेतच नाही. म्हणून राकेशनं माझा चेहरा श्रीरंगच्या नावावर चढवला. हा श्रीरंग माझ्याआधी इथंच बसायचा. खोकला वाढला म्हणून गावी गेला. एक गावी गेला की दुसऱ्यानं त्याच्या नावावर बदली भरायची, ही इथली रीतच. ठेकेदार राघो म्हणाला, पैसे तुझ्या हातात देतो ना, मग नाव काय चाटायचंय? पण फंड त्याचा, कार्ड त्याचं. उद्या हाकललं तर मी इथं होतो हे कोण सांगणार?

राकेशनं कबूल केलंय, जुने फोटो उडवून टक्का नव्वदच्या खाली आण, तुझं नाव घालतो. आखाजीच्या सणाला येईन तेव्हा माझ्या नावाचं कार्ड तुझ्यासमोर टाकीन.

१२ मार्च

आधी श्रीरंगचेच फोटो घेतले. दोन वर्षांच्या रोजच्या सकाळी. तोच चेहरा, डाव्या भुवईत चीर, हळूहळू वाळत गेलेला. शेवटी शेवटी तोंडावर रुमाल. एखाद्याला असं वाळताना बघायचा शीण येतो रे. माझे या आठवड्यातले तेवढे ठेवून सगळे उडवले. फोल्डर जवळजवळ रिकामं झालं. मग आकडा बघितला तर सत्त्याण्णवच.

राकेशनं चहा फुंकत समजावलं. "फाइल पुसली तरी कुणी ती उघडी धरून बसलं असेल, तर जागा सुटत नाही. नाव जातं, जागा जात नाही. तो सोडेल तेव्हाच सुटेल."

तो म्हणजे कोण, विचारलं. म्हणाला, असेल एखादा प्रोग्राम. सुटीला बंद करून चालू करू, झक मारत सोडेल.

१६ मार्च

बंद केलं, चालू केलं. अठ्ठ्याण्णव.

मिल बंद, गेटला कुलूप, आत आम्ही दोघंच. राकेशनं धरून बसलेल्यांची यादी काढली. एकच ओळ आली, नाव श्रीरंग. हसला, म्हणाला त्याच्या नावाचं जुनं खातं राहिलं असेल. मग म्हणाला, एक फोटो आत्ताच वाढलाय. उघडला. मशीन गेटच्या भिंतीला ठोकलेलं आहे, दगाभाऊ. फोटोत गेट नव्हतं. केबिन होती. आमच्या दोघांच्या पाठी होत्या.

राकेश अर्धा चहा टाकून गेला.

२१ मार्च

श्रीरंगची आई आली, केशरबाई. साक्रीकडची म्हातारी. श्रीरंग दिवाळीतच वारला. राघोला ठाऊक होतं. मेलेल्याच्या नावावर मला बसवलं आणि त्याच्या हिशेबाचे पैसे दाबून ठेवले. म्हातारी तेच मागायला आलेली. राघो आज या, उद्या या करत होता.

मी जेवून परत येत होतो. मशीनसमोर उभा राहिलो. धन्यवाद, श्रीरंग.

म्हातारी वळली. माझ्याकडे बघत राहिली. मग जवळ आली आणि माझ्या डाव्या भुवईवर बोट फिरवलं. "जेवना का रे?"

जेवलास का, हे आपल्याच घरातल्या बोलीत. तोंडातून निघून गेलं, हो माय. तिला तेवढंच बरं वाटेल, एवढंच मनात होतं. खरं सांगतो.

"मंग पैसा काबर नही धाडत?"

धाडतो म्हणालो.

२४ मार्च

नव्याण्णव. खोकला लागलाय. वाफेनं असेल. भुवई चुरचुरते.

आईला फोन केला. कोण म्हणाली. चंदू म्हटलं. हा चंदूचा आवाज नाही म्हणाली आणि तुला दिला. तू राँग नंबर म्हणालास, दगाभाऊ. माझा आवाज ऐकून.

२७ मार्च

माझे फोटो बघायला बसलो. पहिल्या आठवड्यातले नाहीत. मी उडवलेले नाहीत. बाकीच्यांत तोंडाला रुमाल आहे. मी रुमाल कधी—

राकेश फोन उचलत नाही.

सोडून यावं म्हणतो. तू म्हणशील, बघा, टिकलं का बूड. गेटपर्यंत गेलो आणि परत येऊन खुर्चीवर बसलो. पळायचाही शीण आलाय.

यादी मीच काढली. श्रीरंगच्या ओळीखाली दुसरी ओळ नाही. मी कुठंच—

२ एप्रिल

शंभर. मोकळी शून्य.

शेठला सांगितलं. बरं, श्रीरंग, म्हणाला. सुटेना म्हटलं, कुणीतरी धरून— त्यानं फोन ठेवला.

मागे कुणीतरी खोकतं. मी नाही. की मीच—

७ एप्रिल

पगार. पैसे पाठवायच्या दुकानात आलोय. पोऱ्यानं विचारलं कुणाला. आईला. नाव? शो— शो—

पावतीवर केशरबाई. तुम्हीच सांगितलं, म्हणतो.

पहिल्या पानावर कुणी चंदू आहे. कुणा दगाभाऊशी भांडतोय. अक्षर माझ्यासारखं—

आखाजीला येणं होणार नाही. जागा सुटत नाही.

माय, जेवनू. धाडतोय. आठ हजार सातशे—