त्या पोराचं पुढे काय झालं

महाड,
९ नोव्हेंबर २००३

चि. रुचिर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा सिनेमा काल दुपारी पाहिला. आई, मी आणि आपल्याकडे कामाला येणारी विठाबाई. कसा वाटला ते खरं सांग असं तूच लिहिलं होतंस, तेव्हा आता गाल फुगवून बसू नकोस.

अरे, किती भुतं ती! वेताळ झाला, हडळ झाली, मुंजा झाला, चकवा झाला. एवढ्यावर भागेना म्हणून मध्यंतरानंतर आकाशातून हिरवा राक्षस उतरला, आणि शेवटी सावित्री नदीतली मगर अख्खी एस.टी. गिळते. त्यात हुंडाबळी आहे, धरणग्रस्त आहेत, अणुबाँबसुद्धा आहे. जिलबीवर कोणी कढी ओततं का? लोक घाबरायचं सोडून हसत होते. मागची कॉलेजची मुलं तर प्रत्येक नव्या भुताचं टाळ्या वाजवून स्वागत करत होती. विठाबाईचं म्हणणं, येवढी भुतं एका गावात नांदत नाय, परत्येकाची हद्द असते, ती आधी आपसातच मारामारी करतील. मलाही हसू आवरेना. मग आईकडे लक्ष गेलं.

सुरुवातीला तो भिजलेला मुलगा ओटीवर येतो बघ, पाठमोरा, ओल्या पावलांचा. दार वाजवतो. आतली बाई उठते, कडीला हात लावते, आणि तेवढ्यात कौलं फोडून वेताळ! त्यानंतर तो मुलगा साऱ्या सिनेमात पुन्हा दिसत नाही. आई शेवटपर्यंत त्याची वाट बघत होती. दिवे लागले, झाडूवाला आला, तरी उठेना.

तुझा निषाददादा कापडे गावी मामाकडे गेला आणि नदीत उतरला तेव्हा तू बालवाडीतही नव्हतास. त्याची चप्पलसुद्धा हाती लागली नाही. आई अजून दाराला कडी लावत नाही, नुसतं लोटून घेते, हे तू लहानपणापासून पाहिलंयस. आणि तरी असला मुलगा दाखवून तू त्याला विसरलास, याचा मला फार राग आलाय.

घरी आल्यापासून तिचं एकच चाललंय, त्या पोराचं पुढे काय झालं. तिच्या काचबिंदूचं तुला ठाऊक आहे. उजवा डोळा गेलाच, डाव्याचीही आशा धरू नका असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. त्या मुलाचं पुढचं काही चित्रण करून कापलं असशील, तर तेवढं कॅसेटवर घालून पाठव. तिला दिसतंय तोवर पाठव.

रागावलास तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मैथिलीताई


मुंबई,
१७ नोव्हेंबर २००३

ती. ताईस रुचिरचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी डोकंच फिरलं. तुम्हा शिक्षकांना एका वेळी एकच धडा लागतो, असं मनात म्हणालो. निर्मात्याचा हिशेब वेगळा होता. म्हातारे वेताळासाठी येतील, पोरं राक्षसासाठी, बायका हुंड्यासाठी. मलाही तो पटला. पुन्हा कॅमेरा हातात मिळेल न मिळेल, म्हणून डोक्यात होतं नव्हतं ते सगळं कोंबलं. कोणीच आलं नाही, ताई. इथे सिनेमा आठवडाभरही टिकला नाही, आणि निर्माता आता माझा फोनसुद्धा घेत नाही.

कॅसेट पाठवता येणार नाही. कापलेलं काही नाहीच. माझ्या मूळ गोष्टीत फक्त मुलगा, दार आणि ती बाई होती. दार उघडायच्या प्रसंगाला नटीने मला विचारलं, उघडल्यावर मी करायचं काय? घाबरायचं, रडायचं, की मिठी मारायची? मला सांगता येईना. मला दादाचा चेहरासुद्धा आठवत नाही गं. सगळी मंडळी खोळंबली होती, तेव्हा मी वेताळाला आत घेतलं. पुढे जिथे जिथे ते दार आठवलं, तिथे एकेक भूत उभं करत गेलो.

आईला तूच काहीतरी सांग. तो घरात आला, सुखरूप आहे, असं सांग. माझ्याने लिहवत नाही.

तिची काळजी घे, आणि मलाही अगदीच टाकू नका.

तुझा,
रुचिर


महाड,
२५ नोव्हेंबर २००३

चि. रुचिर यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

ओळी खालीवर झाल्या तर लावून घे. मैथिली माझ्याशी खोटं बोलायला आली होती. तिला कुठलं जमतंय! मग तुझं पत्रच वाचून दाखवायला लावलं.

त्या नटीला एवढंही कळू नये? आपल्याच पोराला कोण घाबरतं? दार उघडायचं, आणि एवढा वेळ कुठे उंडारत होतास म्हणून आधी चांगलं फैलावर घ्यायचं. मग पदराने डोकं पुसायचं. निषादचे मानेवरचे केस दाट होते, तिथे पाणी राहायचं, तिथे जरा जोर लावायचा. कोरडे कपडे द्यायचे. गरम भात, वर मेतकूट आणि तूप. तो जेवेल तोवर समोर बसायचं, काही विचारायचं नाही. झाला सिनेमा. लहान झाला तर होऊ दे.

आणि मुळात त्या बाईने कडी लावलीच कशाला? ज्या घरचं पोर बाहेर आहे, त्या घरात कडी लावतात होय? तिथेच तुझं चुकलं. भुतं नंतरची.

तुला त्याचा चेहरा आठवत नाही, यात तुझा काही दोष नाही. मलाही आता नीट आठवत नाही रे. हे मी मैथिलीला कधी बोलले नाही. तुझ्या सिनेमात तो पाठमोरा उभा राहिला, तेव्हा वाटलं, आता वळेल आणि मला एकदा दिसेल. म्हणून बसून राहिले.

पुन्हा सिनेमा करशील तेव्हा त्याला आत घे. मला तेव्हा दिसणार नाही. मैथिली शेजारी बसून सांगेल, आणि दार करकरलेलं मला ऐकू येईल.

तोवर तू ये. सिनेमा पडला म्हणून तोंड लपवून तिकडे बसू नकोस. मला अजून थोडं दिसतंय, तुझा चेहरा तरी नीट बघून ठेवते. दार वाजवू नकोस, नुसतं लोटलेलं असतं.

तुझी,
आई