निम्म्या बुंध्यात

मंगळवार, मिरजगाव

वादळानं शेजारच्या शांताकाकूंच्या गोठ्यावर लिंब पडला. खाली गाभण म्हैस अडकली. मी माझा झाडं कापायचा चेनसॉ घेऊन धावलो. मेव्हण्यानं, संतोषनं, परवाच त्यात ताकद वाढवायचं, कंपनीचं नसलेलं बाहेरचं किट बसवलं होतं. "दाजी, आता लोण्यावानी कापंल!" कापलंही तसंच, पण निम्म्या बुंध्यात इंजिन किंचाळलं आणि जाम झालं. ऑइल कमी पडलं? की किटच हलकं? तो आवाज कानातून जात नाही.

मग संतोषनं कुऱ्हाड उचलली. दिवस मावळेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. म्हैस जिवंत निघाली, पण उठेना. "ती उठल्याबिगर मी घरी येत न्हाई," म्हणाला.

त्याला चांगलं झापायचं ठरवूनच भाकरी घेऊन गेलो. त्याचे फुटलेले तळहात बघितले आणि घास मीच मोडून भरवला. म्हैस अजून बसूनच आहे.